ओहायोकाठचा वसाहती शेतकरी आणि त्याच्या मागची वाटणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका स्वतंत्र झाल्यावर ॲपलाचियन डोंगर ओलांडून हजारो कुटुंबं ओहायो नदीच्या खोऱ्यात उतरली. झाडं तोडली, ओंडक्यांची घरं बांधली, मका लावला. वीस-तीस वर्षं राबून जमीन उभी केली, की प्रश्न यायचाच: आपल्या मागे हे कोणाचं? या पानावर त्या प्रश्नाची उत्तरं आहेत. भर आहे १७८७ नंतरच्या ओहायो खोऱ्यावर, कारण तिथला वारसा कायदा लिखित आहे, स्पष्ट आहे आणि त्या काळाच्या मानाने धाडसी आहे. पुढे गरज पडेल तिथे केंटकी, मिसूरी आणि १८६२ नंतरची पश्चिमेकडची पठारंही येतील.

हे सगळं वाचताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली, ती आधीच सांगतो. मृत्युपत्र न करता गेलेला बाप आपल्या मुलींच्या बाबतीत मृत्युपत्र करून गेलेल्या बापापेक्षा बहुतेक वेळा जास्त न्यायी ठरला. कायदा समान वाटा देत होता, तो कमी केला बापाच्या हाताने.

शेतकऱ्याने मृत्युपत्र केलंच नाही, तर जमीन कोणाला मिळायची?

१३ जुलै १७८७ रोजी अमेरिकेच्या काँग्रेसने ओहायो नदीच्या वायव्येकडच्या मुलुखासाठी एक अध्यादेश काढला. नवी राज्यं कशी बनतील, गव्हर्नर कसा नेमायचा, हे सगळं त्यात आहे. पण राज्यकारभाराच्या कलमांच्याही आधी, अगदी सुरुवातीलाच, वारसाचं कलम येतं. सरकार कसं चालेल हे सांगण्याआधी बाप मेल्यावर शेत कोणाचं हे सांगावंसं वाटलं, यावरून त्या मुलुखात लोक कशासाठी जात होते ते कळतं.

कलम असं: मृत्युपत्र न करता कोणी मेला, तर मालमत्ता सर्व मुलांमध्ये समान वाटली जाईल. मुलगा-मुलगी असा भेद नाही, थोरला-धाकटा असाही नाही. एखादं मूल आधीच वारलं असेल तर त्याचा वाटा त्याच्या मुलांना. सख्खं-सावत्र हा भेद कोणत्याही परिस्थितीत करायचा नाही. विधवेला स्थावरापैकी एक तृतीयांश हयातीपुरतं, आणि जंगम मालमत्तेपैकी एक तृतीयांश कायमचं.

सावत्र नात्याचा उल्लेख वरवर किरकोळ वाटतो, पण सरहद्दीवर, म्हणजे वस्तीच्या पुढे सरकणाऱ्या कडेवर, तो फार मोलाचा होता. बाळंतपणात बायका जायच्या, तापाने आणि अपघाताने नवरे जायचे, आणि एकट्याने शेत चालवणं अशक्य असल्यामुळे पुन्हा लग्नं पटकन व्हायची. एकाच छपराखाली दोन आयांची मुलं असणं ही रोजची गोष्ट होती. सावत्र भावंडं एकमेकांचे वारस ठरताना कोणी कमी-जास्त होऊ नये, याची तजवीज या एका वाक्याने केली.

१८०३ साली ओहायो राज्य झालं आणि पुढे तिथल्या विधिमंडळाने तपशील बदलत नेले, पण मुलांना समान वाटा आणि विधवेचा हयातीपुरता तिसरा हिस्सा हा पाया तसाच राहिला.

पण थोरल्या मुलालाच सगळं मिळायचं ना?

हा समज इंग्लंडवरून आलेला आहे आणि काही वसाहतींमध्ये तो खराही होता. व्हर्जिनियात मृत्युपत्राविना मेलेल्याची सगळी जमीन थोरल्या मुलाकडे जायची. ती पद्धत मोडण्याचं विधेयक थॉमस जेफरसनने तयार केलं, ते १७८५ साली मंजूर झालं. न्यू इंग्लंडच्या बहुतेक भागात आणि पेनसिल्व्हेनियात वसाहतकाळात थोरल्याला दुप्पट वाटा असे. ओहायो खोऱ्यात या तिन्हीकडची माणसं आली होती, आणि त्यांना तिथे नवा नियम मिळाला. जुनी सवय मात्र कायद्याबरोबर लगेच बदलत नाही. मृत्युपत्रांत ती दिसतेच.

मृत्युपत्र करायचं तर कसं?

१७८७ च्या अध्यादेशाप्रमाणे ते लेखी हवं, करणारा सज्ञान हवा, सही आणि मोहोर हवी, आणि तीन साक्षीदार हवेत. लिहिता न येणारा माणूस सहीच्या जागी फुली मारायचा. आपल्या जुन्या कागदांत कुणब्याच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’ असते, त्याची आठवण येते.

बहुतेक जण अंथरूण धरल्यावरच मृत्युपत्राला बसायचे. मजकूर साधारण ठरलेला: आरंभी देवाचं नाव, मग शरीर क्षीण असलं तरी बुद्धी शाबूत असल्याची ग्वाही, आत्मा देवाला, देह मातीला, आणि त्यानंतर घोडी, गादी, नांगर, जमीन. शेजारीच साक्षीदार, शेजारीच लिहून देणारा. वकील कोसोनकोस नसायचा. शेवटच्या आजारात साक्षीदारांसमोर तोंडी सांगितलेलं जंगम मालमत्तेपुरतं काही अटींवर चालायचं. जमिनीला मात्र कागदच लागायचा.

बायकोला नेमकं काय मिळायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि उत्तरही सगळ्यात लांब आहे.

आधी कायदा. विवाहित बाईची कायद्यापुढे वेगळी ओळख जवळजवळ नव्हतीच. लग्नात ती जे जंगम घेऊन यायची ते नवऱ्याचं व्हायचं, तिच्या जमिनीचा कारभारही तोच बघायचा. विवाहित स्त्रीच्या नावावर मालमत्ता राहू देणारे कायदे फार पुढे आले: मिसिसिपीत १८३९ साली, न्यूयॉर्कमध्ये १८४८ साली. त्याआधी तिच्या हातात भक्कम असा एकच हक्क होता, तो म्हणजे विधवेचा तिसरा हिस्सा.

हा हक्क हयातीपुरता होता. ती जमीन कसू शकायची, खंडाने देऊ शकायची, पण विकू शकायची नाही. तिच्यानंतर ती मुलांकडे जायची. तरी हा हक्क फार चिवट होता. नवऱ्याच्या देणेकऱ्यांनाही त्या तिसऱ्या हिस्स्याला सहसा हात लावता यायचा नाही. नवऱ्याने जिवंतपणी जमीन विकली आणि बायकोने हक्क सोडल्याची सही दिली नसेल, तर विधवा झाल्यावर ती नव्या मालकाकडेही हिस्सा मागू शकायची. म्हणून खरेदीखताच्या वेळी अधिकारी बायकोला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारायचा, की ही सही तू आपखुशीने देतेस ना? खतावर तसा शेरा लिहिला जायचा. बाजूच्या खोलीतल्या त्या चार मिनिटांत किती बायका खरोखर ‘नाही’ म्हणू शकल्या असतील, हे कागद सांगत नाही.

आता मृत्युपत्र. नवरा जेव्हा स्वतः लिहायचा, तेव्हा दोन गोष्टी वारंवार दिसतात. पहिली म्हणजे ‘ती माझी विधवा राहील तोवर’ ही अट. पुन्हा लग्न केलं की घर आणि शेतावरचा हक्क संपला. यामागे मत्सरापेक्षा धास्ती होती, कारण पुन्हा लग्न होताच तिचं जंगम नव्या नवऱ्याच्या ताब्यात जाणार आणि पहिल्याची पोरं पोरकी होणार. तरीही, जिने निम्मं रान आपल्या हातांनी साफ केलं तिला ही अट जाचकच होती, असं माझं मत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे बारीकसारीक यादी. घरातली अमुक खोली आणि तिची चूल. विहिरीवर आणि बागेत जायला वाट. वर्षाला इतके बुशेल मका, इतके गहू, इतकं डुकराचं मांस. दारात फोडून आणून टाकलेलं जळण. एक गाय, तिचा चारा. तिची स्वतःची पिसांची गादी, चरखा, खोगीर. वाचणाऱ्याला हे कद्रूपणाचं वाटू शकतं, मलाही सुरुवातीला वाटलं. नंतर लक्षात आलं की हा माणूस मुलाला आणि सुनेला ओळखून आहे. ‘आईला सांभाळ’ एवढं लिहिलं तर कोर्टात काहीच सिद्ध होत नाही. ‘दारात फोडलेलं जळण’ लिहिलं तर होतं.

मृत्युपत्रात दिलेलं तिसऱ्या हिस्स्यापेक्षा कमी वाटलं, तर विधवा ते नाकारून कायद्याचा हिस्सा मागू शकायची.

मुलींना कमी का?

समजा, १६० एकर जमीन आहे, दोन मुलगे आणि तीन मुली. मृत्युपत्र नसेल तर प्रत्येकी ३२ एकर, त्यावर आईचा हयातीचा हक्क. मृत्युपत्र असेल तर चित्र बहुधा असं: जमीन दोघा भावांत, आणि मुलींना गाय, गादी, घोडी-खोगीर, थोडी रोकड. ती रोकडही पुष्कळदा भावाने पुढच्या काही वर्षांत द्यायची.

बापांचं म्हणणं असं, की मुलगी लग्न करून नवऱ्याच्या शेतावर जाणार, तिला दिलेली जमीन परक्या घरात जाणार, आणि मुलीने लग्नात नेलेलं सामान हाच तिचा वाटा. हिशेब म्हणून हे समजतं. पण गाय म्हातारी होते आणि गादी विरते, जमिनीचा भाव मात्र ओहायो खोऱ्यात वस्ती वाढेल तसा चढत गेला. म्हणजे वाटणीच्या दिवशी जेवढा फरक दिसायचा, त्याहून कितीतरी मोठा फरक वीस वर्षांनी व्हायचा.

सगळेच बाप असे नव्हते. मुलींना जमीन लिहून देणारेही होते, विशेषतः जमीन भरपूर असली किंवा मुलगे नसले तर.

एखाद्या मुलाला फक्त एक शिलिंग किंवा एक डॉलर लिहिलेला दिसतो. त्याच्याशी वैर होतं का?

कधी होतं, पण बरेचदा नव्हतं. थोरल्या मुलाला लग्नाच्या वेळीच जमीन किंवा जनावरं देऊन वेगळं केलेलं असायचं, म्हणजे त्याचा वाटा पोचलेला. तरी त्याचं नाव लिहायचं, नाममात्र रक्कम लिहायची, म्हणजे ‘बाप मला विसरला’ असं सांगून त्याने पुढे मृत्युपत्राला आव्हान देऊ नये. मृत्युपत्र नसतानाही हयातीत दिलेलं मोजलं जायचं. ज्याने आधी उचल घेतली, त्याने ती हिशेबात धरूनच समान वाटा घ्यायचा.

जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून काय करायचे?

सर्वांत साधा उपाय पुढे सरकणं हाच होता. थोरल्या मुलांना पश्चिमेला स्वस्त जमीन घेऊन द्यायची आणि मूळ घर-शेत धाकट्याकडे ठेवायचं. धाकटा का? बाप थकेपर्यंत मोठे मुलगे तिशीत जाऊन वेगळे झालेले असायचे, घरी उरलेला तोच. त्याच्या पदरात शेत आणि त्याच शेतावर आईबापांचा सांभाळ, असा तो सौदा होता.

काही जण मरणाची वाट न पाहता हयातीतच मुलाला खत करून द्यायचे आणि त्याबदल्यात सांभाळाचा लेखी करार घ्यायचे. पोसलं नाही तर जमीन परत, अशी अट त्यात असायची.

मृत्युपत्राविना वाटणी आली, तर एक भाऊ राहायचा आणि बाकीची भावंडं पैसे घेऊन त्याला हक्कसोडपत्र लिहून द्यायची. सगळ्यांचं जमलं नाही तर कोर्ट माणसं नेमून जमीन मोजायचं, आणि सरस-निरस वाटे पडत नसतील तर लिलाव करून पैसे वाटायचं.

मुलं लहान असताना बाप गेला तर?

कागदांत ‘अनाथ’ हा शब्द दिसला की दचकू नका. त्या काळी बाप गेलेलं मूल अनाथच गणलं जायचं, आई जिवंत असली तरी. मुलांच्या मालमत्तेसाठी कोर्ट पालक नेमायचं, आणि तो पुष्कळदा आईऐवजी काका किंवा शेजारी असायचा. घरात काहीच नसेल तर मुलाला एखाद्या कारागिराकडे किंवा शेतकऱ्याकडे बांधून द्यायचे, मुलगा साधारण २१ व्या वर्षापर्यंत आणि मुलगी १८ व्या वर्षापर्यंत. कामाच्या बदल्यात अन्न, कपडा, थोडं वाचन-लेखन.

डोक्यावर कर्ज असेल तर?

आधी देणी, मग वारस. कोर्टाने नेमलेले शेजारी घरात येऊन एकेक वस्तूची किंमत लिहायचे: कढई, करवत, वासरू, मधमाश्यांची पोळी. मग अंगणात लिलाव. अशा लिलावांच्या याद्यांमध्ये खरेदीदार म्हणून विधवेचंच नाव अनेकदा येतं. स्वतःची भांडी ती बोली लावून परत घेते. या याद्यांइतकं सरहद्दीवरचं घर आतून दाखवणारं दुसरं काही नाही.

जमीन सरकारकडून उधारीवर घेतलेली असेल तर पेच आणखी मोठा. १८०० सालच्या कायद्याने किमान ३२० एकर, एकरी किमान २ डॉलर, चार वर्षांच्या हप्त्यांत अशी सोय झाली. १८०४ मध्ये किमान क्षेत्र १६० एकर झालं. हप्ते फिटण्याआधी शेतकरी गेला, तर वारसांच्या हाती जमिनीबरोबर हप्तेही यायचे, आणि ते थकले तर जमीन सरकारजमा. १८१९ च्या मंदीत असंख्य कुटुंबं अशी अडकली. १८२० साली उधारी बंद झाली आणि ८० एकर, एकरी सव्वा डॉलर, सगळं रोख, असा नियम आला. १८२१ च्या कायद्याने जुन्या थकबाकीदारांना काही जमीन परत देऊन पैसे भरलेली तेवढी ठेवण्याची मुभा मिळाली.

फुकट जमिनीच्या कायद्यात वारसांचं काय होतं?

२० मे १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन किरकोळ शुल्कावर मिळायची, पण पाच वर्षं राहून कसल्यावरच मालकीचा पट्टा हातात यायचा. नेब्रास्का, कॅन्सस, डकोटाच्या पठारांवर पाच वर्षं हा लहान काळ नव्हता. म्हणून कायद्यातच लिहिलं होतं, की दावेदार मेला तर विधवा, तीही नसेल तर वारस किंवा मृत्युपत्राने नेमलेली व्यक्ती तो दावा पुरा करून पट्टा घेऊ शकेल. आईबाप दोघंही गेले आणि मुलं अज्ञान असतील तर जमिनीचा हक्क त्या मुलांचा. शेवटच्या पालकाच्या मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आत व्यवस्थापकाला ती मुलांच्या भल्यासाठी विकता यायची.

आणखी एक चांगली तरतूद होती. पट्टा मिळण्याआधीच्या कर्जापोटी ही जमीन जप्त करता यायची नाही. विधवेला तिसऱ्या हिस्स्यावर न ठेवता अख्ख्या दाव्यावर उभं करणारा हा कायदा मला १७८७ च्या पुढचं पाऊल वाटतो.

सगळ्याच वसाहतकारांना हाच नियम होता का?

नाही. कास्कास्किया, व्हिन्सेन आणि आसपासच्या गावांत फ्रेंच कुटुंबं आधीपासून राहत होती. १७८७ च्या अध्यादेशाने त्यांचे वारसाचे रिवाज राखून ठेवले. ते पॅरिसच्या रूढीप्रमाणे चालत: संसारात जोडलेलं नवरा-बायकोचं सामाईक, त्यातलं निम्मं विधवेचं, उरलेलं मुलांत समान. इंग्रजी परंपरेतल्या शेजारणीपेक्षा फ्रेंच विधवा कितीतरी सुस्थितीत असायची.

ज्या जमिनीची ही वाटणी, ती मुळात कोणाची?

शॉनी, मायामी, लेनापे, वायंडॉट आणि इतर मूळ रहिवासी लोकांची. १७९४ च्या फॉलन टिंबर्सच्या लढाईत त्यांचा पराभव झाला आणि १७९५ च्या ग्रीनव्हिल करारात आजच्या ओहायोचा दक्षिण आणि पूर्वेकडचा मोठा भाग त्यांच्याकडून लिहून घेतला. उरलेलं तुकड्यातुकड्याने गेलं. १८४३ साली वायंडॉट ओहायोतून बाहेर पडले. लेनापे लोकांत कूळ आईकडून चालायचं. एका मृत्युपत्रात ‘माझी जमीन’ असं लिहिता येण्याआधी दुसऱ्यांच्या लेकरांचा वारसा पुसला गेला होता.

नदीच्या दक्षिणेला, केंटकीत, आणखी एक भयंकर गोष्ट वाटली जायची: माणसं. १७८७ च्या अध्यादेशाने वायव्य मुलुखात गुलामगिरीला बंदी केली होती, केंटकीत ती कायदेशीर होती. तिथल्या मृत्युपत्रांत घोड्याच्या पुढच्या ओळीत एखाद्या बाईचं नाव येतं, आणि तिचं मूल वेगळ्या भावंडाच्या वाट्याला लिहिलेलं असतं.

डॅनियल बून एवढा नावाजलेला वसाहतकार. त्याने मुलांना किती जमीन ठेवली?

जवळजवळ काहीच नाही. १७७५ साली कंबरलँड खिंडीतून केंटकीत जाणारी वाट त्याने पाडली, हजारो एकरांवर दावे केले, इतरांच्या जमिनी मोजून दिल्या. पण केंटकीत सरकारी मोजणी आधी झालेली नव्हती. ज्याने त्याने झाडावर खूण करून, ओढ्याचं नाव घेऊन हद्द सांगायची. एकावर एक दावे चढले, खटले झाले, आणि बूनचे दावे एकेक करून हातचे गेले. ओहायोत बऱ्याच भागात सहा मैलांच्या चौरसांत सरकारी मोजणी झाली, त्यामुळे तिथले वारस या संकटातून पुष्कळसे वाचले.

१७९९ मध्ये बून स्पेनच्या ताब्यातल्या मिसूरीत गेला. तिथे त्याला सुमारे ८५० एकर मिळाले. १८०३ साली तो सगळा प्रदेश अमेरिकेने विकत घेतला, आणि कागद पुरे नाहीत म्हणून ती जमीनही नामंजूर झाली. १८१४ साली काँग्रेसने ती परत दिली. त्यातली बहुतेक त्याने केंटकीतली जुनी देणी फेडायला विकली. पत्नी रिबेका त्याआधीच, १८१३ मध्ये गेली होती. २६ सप्टेंबर १८२० रोजी तो धाकटा मुलगा नेथन याच्या घरी वारला. धाकट्याकडे म्हातारपण, एवढा तरी सरहद्दीचा रिवाज त्याच्या वाट्याला आला.

आपल्याकडच्या वाटणीशी याची तुलना होते का?

थेट नाही. आपल्याकडे वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित हा भेद आहे, तो तिकडे मृत्युपत्र करताना आड येत नव्हता. विधवेचा हिस्सा सोडला तर तिथे सगळंच बापाच्या इच्छेवर. तरी एक साम्य माझ्या जिव्हारी लागतं. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव लागतं, आणि मग माहेर तुटू नये म्हणून ती हक्कसोडपत्रावर सही करते. ओहायोतल्या बहिणींची सोडपत्रं वाचताना मला ती सही दिसते.

अमेरिकेत राहतो. हे कागद प्रत्यक्ष बघायला मिळतील का?

मिळतील. मृत्युपत्रं, किमतीच्या याद्या, पालकांच्या नेमणुका काउंटीच्या वारसा न्यायालयाच्या दप्तरात असतात आणि त्या सार्वजनिक असतात. खरेदीखतं वेगळ्या नोंदणी कचेरीत. काही ठिकाणी कोर्टाला आग लागून जुनं दप्तर गेलेलं असतं, म्हणून जाण्याआधी फोन करा. मृत्युपत्रावर न थांबता वस्तूंची यादी आणि लिलावाचं पान नक्की मागा, आणि खरेदीदारांच्या रकान्यात विधवेचं नाव शोधा.